फ्राय लुईस दे लेओन: पाखंडाचा खटला की युनिव्हर्सिटीतली भांडणं?

तिरकस_पेन

कॅथलिक चर्च आणि पाखंड हे दोन शब्द शेजारी आले की आपली गाडी थेट गॅलिलिओ नाहीतर ब्रुनोच्या स्टेशनावर, मग चर्च किती वाईट नि विज्ञान किती थोर यावर शंभर प्रतिसाद, आणि एकशेएकावा कोणीतरी 'आमच्याकडे असलं काही नव्हतं' म्हणत धागा पळवून नेतो. म्हणून आज मुद्दाम अशा माणसाबद्दल लिहितोय जो जाळला गेला नाही, ज्याने चर्चविरुद्ध बंड वगैरे केलं नाही, मरेपर्यंत मठातच राहिला, आणि तरी पाखंडाच्या आरोपाखाली जवळपास पावणेपाच वर्षं इन्क्विझिशनच्या (पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट) कोठडीत काढून आला. सोळाव्या शतकातला स्पेन, सालामान्का युनिव्हर्सिटी, नाव फ्राय (म्हणजे मठातला साधू) लुईस दे लेओन. स्पॅनिश शिकलेल्यांना तो कवी म्हणून माहीत असेल. मला त्याचा खटला जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण त्याची कागदपत्रं टिकलीयत, एकोणिसाव्या शतकात छापूनही आली, आणि त्यात देवाधर्मापेक्षा स्टाफरूमचा वास जास्त येतो.

जन्म १५२७ च्या सुमारास, कुएन्का भागातल्या बेल्मोंते गावी. वडील वकील, पुढे ग्रानादाच्या वरिष्ठ कोर्टात न्यायाधीश. पोराला कायदा शिकायला सालामान्काला पाठवलं तर पोरगं ऑगस्टिनियन मठात शिरलं आणि १५४४ मध्ये रीतसर व्रत घेऊन मोकळं झालं. घरात पैसा, ओळखीपाळखी सगळं होतं, अडचण एकच. घराणं मूळचं ज्यू, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना सांगितलं की बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा, आणि ज्यांनी घेतला त्यांच्या नातवा-पणतवंडांवरही संशय ठेवला. लुईसच्या पणजीच्या पिढीत घरातल्या बायकांना चोरून जुना धर्म पाळल्याबद्दल इन्क्विझिशनची शिक्षा झालेली होती. हे गावाला माहीत, आणि गावाला माहीत म्हणजे वैऱ्यांना पाठ.

आता सालामान्काची सिस्टिम बघा. प्राध्यापकाची जागा (चेअर म्हणू) रिकामी झाली की उमेदवारांनी सगळ्यांसमोर व्याख्यानं द्यायची आणि मतं द्यायची विद्यार्थ्यांनी. हो, विद्यार्थ्यांनी! म्हणजे प्रचार, गटबाजी, मतं फोडणं सगळं आलंच. मोठे गट म्हणजे साधूंचे संघ, एकीकडे डॉमिनिकन, दुसरीकडे ऑगस्टिनियन. १५६१ मध्ये लुईसने सेंट थॉमस अक्वायनसच्या नावाची चेअर जिंकली, अक्वायनस स्वतः डॉमिनिकन, त्यामुळे ती जखम त्या लोकांना चांगलीच झोंबली. वर माणूस तोंडाने फटकळ, अहंकारी म्हणा हवं तर, समोरच्याला येत नसेल तर येत नाही असं चारचौघांत सांगणारा.

वादाचा विषय बायबलचा. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ठरवलं की शतकानुशतकं वापरात असलेलं लॅटिन भाषांतर, वल्गेट, हेच प्रमाण. पण प्रमाण म्हणजे कुठवर प्रमाण, यावर खरी मारामारी. लुईस आणि त्याचे दोन सहकारी, गास्पार दे ग्राहाल आणि मार्तीनेस दे कांतालापिएद्रा, तिघेही हिब्रू जाणणारे. यांचं म्हणणं साधारण असं, की श्रद्धा आणि आचरणाच्या बाबतीत वल्गेट बरोबरच आहे पण काही ओळी मूळ हिब्रूवरून आणखी नेमक्या लावता येतात. ग्रीकचा म्हातारा प्राध्यापक लेओन दे कास्त्रो म्हणायचा हिब्रू प्रत ज्यूंनी मुद्दाम बिघडवलीय, तिच्याकडे वळणं म्हणजे ज्यूंच्या नादी लागणं. एका बायबलच्या आवृत्तीची तपासणी करायला कमिटी बसली, हे सगळे त्या कमिटीत, आणि तिथे अशी जुंपली की लुईसने कास्त्रोला सांगितलं तुझं यशयावरचं (बायबलमधल्या एका संदेष्ट्यावरचं) पुस्तक मी जाळायला लावीन. कास्त्रोने त्या पुस्तकात बख्खळ पैसा घातलेला. त्याने सुनावलं की आग लागलीच तर आधी तुझ्या कानांना आणि तुझ्या कुळाला लागेल. भर मीटिंगमध्ये कूळ काढलं.

दुसरं प्रकरण 'गीतरत्न'चं. बायबलमधलं हे उघडउघड शृंगाराचं काव्य, चर्चमध्ये त्याचा अर्थ ख्रिस्त आणि चर्चचं प्रेम असा लावतात. इसाबेल ओसोरिओ नावाची एक नन लुईसच्या नात्यातली, तिला लॅटिन येत नव्हतं, तिच्यासाठी याने ते हिब्रूवरून स्पॅनिशमध्ये केलं आणि सोबत टीपा लिहिल्या, त्यात आधी सरळ अर्थ, एका प्रेमात पडलेल्या मेंढपाळाचा नि त्याच्या प्रेयसीचा. १५५९ पासून स्पेनमध्ये लोकभाषेतल्या बायबलवर बंदी होती. वही वाचून परत आली, पण खोली झाडायला येणाऱ्या मठातल्याच एका तरुणाने ती टेबलातून काढून गुपचूप नक्कल केली, मग नकलेची नक्कल, आणि बघता बघता ती कुठल्या कुठे पोचली. थोडक्यात फॉरवर्ड झाली.

बार्तोलोमे दे मेदिना या डॉमिनिकन प्राध्यापकाने १७ आक्षेपार्ह विधानांची यादी बनवून वर पाठवली, कास्त्रोने जबानी दिली, आणि मार्च १५७२ मध्ये तिघेही आत. लुईसला २७ मार्चला उचललं आणि वाय्यादोलिदच्या गुप्त तुरुंगात नेलं. पोचल्यावर चारपाच दिवसांत त्याने सामानाची यादी दिली ती मला सगळ्या खटल्यात जास्त लक्षात राहिलीय. मेरीमातेचं चित्र किंवा क्रूस, संत ऑगस्टिन आणि संत बर्नार्डची पुस्तकं, स्वतःला मारून घ्यायचा चाबूक (तपश्चर्येचा भाग, दचकू नका), जेवण कापायला एक सुरी, आणि मद्रिगालच्या मठातली एक नन करते ती पूड. मन उदास होतं नि छातीत काहीतरी होतं त्यावर ती पूड लागू पडते, आणि ती फक्त तिलाच करता येते असंही लिहिलंय. सुरीबद्दल तर वर खुलासा, की माझ्या हाती द्यायला हरकत नाही, हे प्रकरण शेवटास नेण्यासाठी मला जगायची जेवढी इच्छा आत्ता आहे तेवढी कधीच नव्हती. म्हणजे जीव देणार नाही, लढणार आहे.

लांबलं फार. निकाल खाली टाकतो.

मठ्ठ_मास्तर

तिपे, जबरी. मी शिकवण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे कमिटीत बायबल तपासायला बसलेले लोक एकमेकांचं कूळ काढतात हे वाचून अजिबात धक्का बसला नाही, आमच्याकडे सिलॅबस कमिटीत याहून वाईट ऐकलंय. एक सांगा, हा आत गेल्यावर याच्या चेअरचं काय झालं?

तिरकस_पेन

मास्तर, मुद्द्याचं विचारलंत. तेव्हा त्याच्याकडे दुरांदोच्या नावाची चेअर होती, ती चार वर्षांच्या मुदतीची. तो आत असतानाच १५७३ मध्ये मुदत संपली, बाहेर असता तर पुन्हा उभा राहून जिंकला असता. आणि ती चेअर कोणाला मिळाली? बार्तोलोमे दे मेदिनाला! यादी करून पाठवणाऱ्याला. बाकी तुम्ही समजून घ्या.

काळा_कोट

प्रोसिजर काय होती? आरोपीला साक्षीदाराची नावं सांगत नसत असं ऐकून आहे, मग बचाव करायचा तरी कसा, उलटतपासणी तर विसराच.

तिरकस_पेन

बरोबर ऐकलंय. जबान्या द्यायचे पण नाव, गाव, प्रसंग ओळखता येईल असं सगळं काढून. 'एका व्यक्तीने ऐकलं की आरोपी अमुक म्हणाला' असं. आरोपीच्या हातात एकच हत्यार, आपल्या वैऱ्यांची यादी द्यायची, कोण आणि का वैरी ते सकारण, साक्षीदार त्या यादीत निघाला तर त्याच्या साक्षीचं वजन कमी. लुईसला भाषेवरूनच कळायचं हा कास्त्रो, हा मेदिना, आणि यादी करताना त्याने हात आखडला नाही. डॉमिनिकन आणि हिएरोनिमाइट असे दोन संघ त्याने सरसकट वैरी म्हणून लिहून दिले, कारण दोघांशी चेअरवरून भांडणं झालेली. वाचताना हसू येतं पण दुसरं करणार काय.

बचावासाठी विद्वान सल्लागार मिळायचा. त्याला मिळाला मान्सिओ, हा पण डॉमिनिकन, आणि हा गृहस्थ कागद बघून गेला तो महिनोनमहिने फिरकलाच नाही. लुईस अर्जावर अर्ज करतोय, तारखा मागतोय, मी आजारी आहे म्हणतोय, खोलीत मदतीला धड माणूस नाही म्हणतोय. छळाची यंत्रं वगैरे आपण सिनेमात बघतो, इथे मुख्य छळ म्हणजे उत्तर न येणं.

काळा_कोट

हे मात्र आजच्या अशिलांनाही ओळखीचं वाटेल. कच्च्या कैदेतले लोक आठवले. वाचतोय, पुढचं येऊ द्या.

तिरकस_पेन

निकाल. सप्टेंबर १५७६ मध्ये वाय्यादोलिदच्या न्यायाधीशांत मतभेद झाले, आणि बहुमताने काय ठरवलं असेल, तर आरोपीला शारीरिक यातना देऊन विचारावं, पण तब्येत नाजूक आहे म्हणून बेताने. साडेचार वर्षं कोंडून ठेवल्यावर! नशीब की शेवटचा शब्द त्यांचा नव्हता. कागद माद्रिदला सर्वोच्च मंडळाकडे गेले, तिथून डिसेंबरमध्ये आदेश आला की सोडा, फक्त अशा नाजूक विषयांवर बोलताना जपून राहा अशी समज द्या आणि 'गीतरत्न'ची ती स्पॅनिश वही जप्त ठेवा. म्हणजे निर्दोष, पण वही आमच्याकडे.

ग्राहाल मात्र १५७५ मध्येच कोठडीत गेला, मेल्यावर निर्दोष ठरला. ओसुनाचा अलोन्सो गुदिएल म्हणून आणखी एक ऑगस्टिनियन याच लाटेत पकडलेला, तो १५७३ मध्येच गेला. मार्तीनेस १५७७ ला सुटला. चौघांत कविता लिहिणारा एकच, म्हणून आपण त्याचा धागा काढतो आणि बाकीच्यांना दोन ओळी.

३० डिसेंबर १५७६ ला लुईस सालामान्काला परतला तर ढोल, तुताऱ्या, लोक वेशीपर्यंत घ्यायला आलेले. युनिव्हर्सिटीने जुनी जागा देऊ केली, पण तिथे बेनेडिक्टाइन संघाचा एक साधू शिकवत होता, लुईस म्हणाला त्याला राहू द्या. मग त्याच्यासाठी नवीन जागा काढली. जानेवारी १५७७ मध्ये पहिलं लेक्चर, खचाखच गर्दी, आणि हा चढला नि म्हणाला, 'काल आपण म्हणत होतो…'

शेवंता२१

अंगावर काटा आला शेवटच्या ओळीला!! एवढं सोसून एक शब्द कडवट नाही.

चिकित्सक_काका

काटा खाली बसवा शेवंताताई, कारण ही ओळ त्या काळच्या एकाही कागदात नाही. पहिल्यांदा ती १६२३ मध्ये छापली गेली, निकोलाउस क्रुसेनिउस या ऑगस्टिनियन लेखकाने आपल्या संघाच्या इतिहासात, म्हणजे लुईस जाऊन तीस वर्षांहून जास्त झाल्यावर आणि घटनेला जवळपास अर्धं शतक. आपल्याच संघाच्या हिरोबद्दल. शिवाय तिपेंनी वरच लिहिलंय की त्याला नवीन जागा मिळाली, जुना वर्ग नाहीच, मग काल कुठलं आणि म्हणत होतो कोणाला? समोरची पोरं तर पावणेपाच वर्षांत बदललेली.

तिरकस_पेन

काका, हे येणार माहीत होतं :) तुमचा मुद्दा मान्य, पुरावा उशिराचा आहे. पण मला वाटतं अशी गोष्ट कोणाच्याही नावावर चिकटत नाही. या माणसाचा स्वभाव जबान्यांतून दिसतो तो असा की भांडेल, चिडेल, अर्ज करेल पण रडणार नाही. लोकांनी गोष्ट रचली असेल तर माप घेऊन रचलीय.

चिकित्सक_काका

माप घेऊन शिवलेला कपडा म्हणजे त्याने तो घातला होता असं होत नाही. आणि कडवट शब्द नाही म्हणताय तर तुरुंगाबद्दलची त्याची ती छोटी कविता वाचा. पहिल्याच ओळीत सांगतो की इथे मत्सराने आणि खोटेपणाने मला कोंडून ठेवलं. पुढे खेड्यातलं गरिबीचं घर, साधं ताट, ना कोणाचा हेवा करणं ना कोणी आपला करणं, असा सूर. ही शांती नाहीये, हा टोमणा आहे, आणि मला तर तो 'काल आपण' पेक्षा जास्त खरा वाटतो.

रानवारा

कवितेचं निघालं म्हणून. फ्रान्सिस्को सालिनास हा सालामान्कातला संगीताचा प्राध्यापक, लहानपणापासून आंधळा, लुईसचा दोस्त. त्याच्या वाजवण्यावर लुईसने केलेली कविता आहे, तो वाजवायला लागला की हवा निवळते, आणि मग जीव एकेक पायरी वर चढत जातो, ताऱ्यांच्याही वर, जिथे न थांबणारं संगीत चालू आहे. मी इंग्लिशमधूनच वाचलीय तरी दोन दिवस डोक्यात होती. आपल्याकडे नादब्रह्म वगैरे ऐकत मोठे झालेल्यांना ती परकी वाटणारच नाही.

दुसरं म्हणजे त्याचं गद्य पुस्तक, ख्रिस्ताच्या नावांवरचं, १५८३ मध्ये पहिल्यांदा छापलं, पण सुरुवात कोठडीतली. तीन साधू तोर्मेस नदीकाठच्या मठाच्या वाडीत उन्हाळ्यात बसून एकेक नाव घेतात, मेंढपाळ, वाट, डोंगर, शांतीचा राजा, आणि त्यावर बोलतात. मध्येच एक प्रसंग येतो. एका छोट्या पक्ष्यावर दोन कावळे तुटून पडतात, पक्षी नदीत पडतो, बुडाला म्हणून सगळे हळहळतात, आणि तो भिजलेला तसाच बाहेर येऊन फांदीवर बसून गायला लागतो. कावळे कोण ते सांगायची गरज नाही.

मठ्ठ_मास्तर

दोनच कावळे? यादीत तर दोन अख्खे संघ होते.

अबोली

सगळे इतके प्रेमात पडलेत म्हणून जरा पाणी ओतते. याच साहेबांनी १५८३ मध्येच लग्न झालेल्या बाईने कसं वागावं यावरही एक पुस्तक काढलंय, नात्यातल्या एका नवरीसाठी लिहिलेलं. त्यात बाईने घरात राहावं, गप्प राहावं, रंगरंगोटी करू नये, सूत कातावं, पहाटे उठावं. मेकअपवर तर पानंच्या पानं! स्पेनमध्ये हे पुस्तक पिढ्यानपिढ्या नवऱ्या मुलींना लग्नात भेट द्यायचे. म्हणजे एका बाईला वाचता यावं म्हणून बंदी मोडून भाषांतर करणारा हाच, आणि बाईने तोंड मिटून बसावं म्हणणारा पण हाच. मला तरी हा माणूस स्वातंत्र्याचा पुजारी वगैरे वाटत नाही.

तिरकस_पेन

अबोली, शंभर टक्के. तो नव्हताच स्वातंत्र्याचा पुजारी. इन्क्विझिशन असावं की नसावं हा प्रश्नच त्याने कधी उपस्थित केला नाही, फक्त माझ्याबाबतीत तुम्ही चुकताय एवढंच म्हणणं. पण त्याच्याच नावावर हेही आहे की अविलाच्या तेरेसा या ननचं लिखाण १५८८ मध्ये पहिल्यांदा एकत्र छापलं ते त्याने संपादित करून. तेरेसा १५८२ मध्ये गेलेली, तिचं आत्मचरित्र कित्येक वर्षं इन्क्विझिशनच्या कपाटात, तिचंही आजोबांकडून घराणं ज्यू. आणि लोकांनी तिच्या वाक्यांत केलेल्या 'सुधारणा' त्याने काढून टाकल्या, बाई जशी लिहिते तशीच छापली. प्रस्तावनेत म्हणतो मी तिला कधी पाहिलं नाही, पण तिच्या मठातल्या मुलींत आणि पुस्तकांत रोज बघतो. आता यातला खरा लुईस कुठला ते तुम्ही ठरवा, मला दोन्ही खरे वाटतात.

अबोली

तेरेसाचं माहीत नव्हतं. ठीक आहे, अर्धं पाणी परत घेते.

उत्तन_किनारा

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे असे विषय निघाले की लोक आधी आमच्याकडेच बघतात जणू आम्हीच कोंडलं होतं त्याला :) दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे त्याला आत टाकणारेही फादर आणि बाहेर काढणारेही फादर, मुख्य इन्क्विझिटर किरोगा त्याला मानणारा होता, त्यामुळे 'चर्च विरुद्ध विद्वान' असं सरळ चित्र इथे बसत नाही. दुसरं, ज्या लोकभाषेच्या बंदीबद्दल वर लिहिलंय तिचे धागे आपल्यापर्यंत येतात. १५८० पासून पोर्तुगालचं राज्य फिलिप दुसऱ्याकडेच गेलं, म्हणजे लुईसच्या हयातीतच गोवा आणि आमची वसई त्याच राजाखाली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होतंच. आणि त्याच गोव्यात १५७९ मध्ये आलेला इंग्रज जेझुइट (हाही साधूंचा एक संघ) फादर थॉमस स्टीफन्स पुढे अख्खी बायबलकथा मराठी ओव्यांत लिहितो आणि ती १६१६ मध्ये राचोलला परवानगीने छापली जाते! एका माणसाला एका ननसाठी केलेल्या वहीपायी कोठडी, दुसऱ्याला ओव्यांसाठी शिक्कामोर्तब.

चिकित्सक_काका

किनारा, चांगला मुद्दा पण जरा जपून. स्टीफन्सने भाषांतर केलं नाही, पुराणाच्या थाटात कथा सांगितली, आणि ती नव्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी, पाद्रींना तशी सोय हवीच होती. भाषांतरात वाक्य पकडता येतं, कथेत नाही. शिवाय त्याच गोव्यात पुढे १६८४ मध्ये व्हॉइसरॉयने कोकणी बोलणंच बंद करा असा हुकूम काढला. मेहरबानी कायमची नव्हती.

उत्तन_किनारा

काका, मान्य, म्हणूनच 'परवानगी' म्हटलं. आमच्या आजीच्या काळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये, तिला एक अक्षर कळायचं नाही तरी सगळी उत्तरं तोंडपाठ. विसाव्या शतकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर मराठी मिस्सा आली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी मराठी बायबल केलं त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) त्याचं कौतुकच झालं. चारशे वर्षांपूर्वी हेच काम कुठल्या स्पॅनिश फादरने केलं असतं तर वही जप्त.

भटक्या_जीव

सालामान्काला गेलो होतो. युनिव्हर्सिटीच्या त्या नक्षीदार दरवाज्यासमोरच्या चौकात याचा पुतळा आहे, हात पुढे केलेला, १८६९ सालचा. आम्ही गाईडच्या मागे दरवाज्यावरचा बेडूक शोधत बसलो (कवटीवर बसलाय, सापडला की परीक्षा पास होतो म्हणतात), पुतळ्याकडे पाठ. आत त्याच्या नावाचा वर्ग आहे तो मात्र बघितला. बाकं म्हणजे ओबडधोबड तासलेले लाकडी ओंडके, दहा मिनिटं बसलो तरी पाठ धरेल, त्यावर पोरं तासतासभर लॅटिन ऐकायची. तेव्हा हा धागा असता तर जास्त वेळ थांबलो असतो.

मठ्ठ_मास्तर

तिपे, सुटल्यावर तरी शहाणा झाला का? 'जपून राहा' म्हणाले होते ना?

तिरकस_पेन

छे! १५७९ मध्ये बायबलच्या चेअरसाठी पुन्हा निवडणूक लढला, समोर कोण तर दोमिंगो दे गुस्मान, डॉमिनिकनच, त्याला थोड्या मतांनी हरवलं, मग मतमोजणीवरून कोर्टबाजी. १५८२ मध्ये देवाची कृपा आणि माणसाची स्वतंत्र इच्छा या विषयावर एका जेझुइटने जाहीर वादात मांडणी केली, डॉमिनिकन तुटून पडले, यात लुईसचा काडीचा संबंध नव्हता तरी उभा राहिला आणि म्हणाला हा बोलतोय ते पाखंड नाही. झालं, पुन्हा तक्रार, पुन्हा चौकशी. तेव्हा पोरांना शिकवताना घ्यायची ती काळजी त्याने घेतली नाही असं नाही, पण समोर कोणाला उगाच पाखंडी म्हटलं की याच्याने गप्प बसवत नसे, स्वानुभव होता ना. या वेळी तुरुंग नाही, १५८४ मध्ये तोलेदोला किरोगाने बोलावून खाजगीत समज दिली आणि मिटवलं. १५९१ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्टिनियनांनी त्याला कास्तीय प्रांताचा मुख्य निवडलं आणि नऊ दिवसांत, २३ तारखेला, मद्रिगालला वारला. कविता त्याच्या हयातीत छापल्याच नाहीत, १६३१ मध्ये केवेदो या स्पॅनिश कवीने काढल्या. जप्त झालेलं ते स्पॅनिश 'गीतरत्न' छापून यायला १७९८ उजाडलं.

काळा_कोट

आणि मेदिना, कास्त्रो? खोट्या साक्षीबद्दल काही कारवाई?

तिरकस_पेन

शून्य. मेदिना १५७६ मध्ये धर्मशास्त्राच्या सगळ्यात मानाच्या चेअरवर गेला, १५८० मध्ये वारला, नीतिशास्त्राच्या इतिहासात त्याचं स्वतःचं चांगलं नाव आहे, बावळट माणूस नव्हता. कास्त्रो पुढे आरियास मोंतानोच्या मागे लागला, राजाच्या खर्चाने अँटवर्पला अनेक भाषांतलं बायबल छापणारा विद्वान तो, तोच हिब्रूचा मुद्दा, तीच तक्रार. तिथे मात्र डाळ शिजली नाही, पाठीशी खुद्द राजा होता.

शेवंता२१

म्हणजे वशिला असला की पाखंड नाही.

चिकित्सक_काका

तेवढ्यावर नका जाऊ ताई, वशिला तरी कुठे पुरला सगळ्यांना? बार्तोलोमे कार्रांसा घ्या. तोलेदोचा आर्चबिशप, स्पेनच्या चर्चमधलं सगळ्यात मोठं पद, राजाच्याच मर्जीने बसलेला, आणि वर डॉमिनिकन! १५५९ मध्ये रात्री झोपेतून उठवून नेला, आधी वाय्यादोलिदला, मग रोमला, खटला १७ वर्षं चालला. १५७६ च्या एप्रिलमध्ये पोपने निकाल दिला की १६ विधानं मागे घे, त्याने घेतली, आणि काही आठवड्यांत गेला. याच्या मागे लागलेल्यांत पुढे होता तो मेल्चोर कानो, तोही डॉमिनिकनच. तेव्हा संघ विरुद्ध संघ हे लुईसला लागू पडतं पण सगळीकडे नाही. तिपे, कार्रांसावर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही.

तिरकस_पेन

काका, तुम्हीच काढा ना. तुमच्याकडे मसाला तयार दिसतोय, मी प्रतिसादात भांडायला येतोच.